मटणामागचा माळ

इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर हल्ली लोक सफारीला जातात. लांडगा, चिंकारा, खोकड बघून येतात. याच तालुक्यातून 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्याच्या नव्या जमीन-मोजणीची सुरुवात केली. जास्तीत जास्त रान नांगराखाली यावं म्हणून सारा हलका ठेवला गेला. नांगर लागत नाही ती जमीन पडीक, ही समजूत सरकारदफ्तरी घट्ट बसली ती अजून उठलेली नाही. माळाची पुढची बहुतेक दुखणी या एका शब्दातून आली आहेत.

त्याआधी गवताला स्वतंत्र मोल होतं. मराठेशाहीत घोडदळासाठी कुरणं राखलेली असत, आणि उरलेल्या माळावर धनगरांची मेंढरं चरत. माणदेश, फलटण, जत, आटपाडी हा धनगरांचा मुलूख. पावसाळा घरच्या माळावर काढायचा, दिवाळी झाली की वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, हलवायचा, कोकणात उतरायचं आणि मृगाच्या आत परतायचं. वाटेत शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी किंवा तांदूळ घ्यायचा. यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे माळाला मिळणारी विश्रांती. मारवेल, पवन्या ही चांगली गवतं बी झडेपर्यंत उभी राहिली तरच पुढच्या वर्षी दिसतात. बी धरायच्या आतच रोज तिथंच कळप फिरला, तर आधी ती जातात आणि कुसळी उरते. कुसळीची कुसं लोकरीतून कातडीत शिरतात. मेंढरू जखमी होतं, वजन धरत नाही.

या माळावर लांडगा धनगराइतकाच जुना. चिंकारा आणि काळवीट कमी झाले तसा तो मेंढरांवर जास्त अवलंबून राहिला. इंग्रजांनी त्याच्या डोक्यावर बक्षीस लावलं होतं. अभ्यासकांच्या हिशेबाने 1875 ते 1925 या काळात ब्रिटिश हिंदुस्थानात दोन लाखांच्या आसपास लांडगे मारले गेले. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, घातलं. पण धनगराचा बंदोबस्त तोच राहिला : रात्री वाघर लावायची, चारी बाजूंना कुत्री, कोकरं डालग्याखाली. वाघर म्हणजे खुंट्यांवर ताणलेली कमरेएवढी जाळी. लांडगा ती सहज ओलांडतो. तिचं खरं काम आत घाबरलेली मेंढरं थोपवणं हे आहे. एक कोपरा सैल राहिला की कळप फुटतो आणि अंधारात पांगलेली मेंढरं एकेक करून मारली जातात.

नुकसानभरपाई आहे, बाजारभावाच्या 75 टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम, यांतली कमी असेल ती. त्यासाठी 48 तासांत वनखात्याला कळवायचं आणि पंचनामा होईतो मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही. इथेच गाडं अडतं. कोकरू लांडगा उचलून नेतो, मागे दाखवायला काही उरत नाही. वाड्याला दुसऱ्या दिवशी पुढचं शेत गाठायचं असतं. ही योजना दावणीला बांधलेल्या गाईम्हशीच्या मालकाला धरून आखलेली आहे, फिरत्या मेंढपाळाला ती लागू पडत नाही. मग कुठेतरी उरलेल्या मांसावर विष पडतं, आणि लांडग्याबरोबर तरस आणि गिधाडंही मरतात.

सोलापूरच्या नान्नजला वेगळी चूक झाली. 1979 मध्ये माळढोकासाठी साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावं आली, शेतं आली. जमिनीचे व्यवहार अडले आणि गावकऱ्यांच्या मनात त्या पाखराबद्दलच अढी बसली. पुढे क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरच्या घरात आणलं गेलं. 1972 च्या दुष्काळानंतरच्या कार्यक्रमांत माळावर गिरिपुष्प, सुबाभूळ लावलं गेलं, काही पट्ट्यांना कुंपण पडलं. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. कळप त्यावरून गेला तर ते फुटतं, म्हणून विणीच्या काळात चराईबंदी हवीच. पण बारमाही बंदीने गवत माजतं, आणि झाडी वाढलेल्या रानात हा पक्षी थांबत नाही.

आता मटणाकडे. दख्खनी मेंढी वर्षाला जेमतेम अर्धा किलो जाडीभरडी लोकर देते. घोंगडीचं गिऱ्हाईक आटल्यावर ती कातरायची मजुरीही निघेना, आणि मेंढपाळ पूर्णपणे मांसावर आला. जतकडची उंच, कमी लोकरीची माडग्याळ मेंढी भाव खाऊ लागली. नर कोकरू तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, 12 ते 15 किलोचं असताना विकलं जातं. त्यातून सहा-सात किलो मटण निघतं. तेच 25 किलोपर्यंत वाढवलं तर 12 किलोच्या आसपास निघेल. त्याच्या आईला वर्षभर लागलेला चारा दोन्ही वेळा तेवढाच. कोकराचा जास्तीचा चारा धरूनही दर किलोमागे माळावरचा भार बराच उतरतो. लवकर विकण्यामागे रोकडीची गरज आहे, तशी लांडग्याची आणि चोरीची भीतीही. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गॅरोल मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनीत आणून नारी सुवर्णा तयार केली. थोड्या मेंढ्यांत जास्त कोकरं, ही दिशा बरोबर आहे. पण जुळी हलकी जन्मतात, त्यांना वरचं दूध आणि खुराक लागतो. वाटचालीवर ते जमत नाही.

दरम्यान बहुतेकांचं ताट ब्रॉयलरकडे वळलं. ब्रॉयलर माळावर चरत नाही, म्हणून तो माळाला निरुपद्रवी वाटतो. पण त्याचा मका आणि सोयाबीन शेतातूनच येतो, आणि शेडमधल्या मेलेल्या कोंबड्या कित्येकदा माळावरच फेकल्या जातात. त्यावर भटकी कुत्री पोसली जातात, लांडगेही येतात. कुत्र्यांकडून रेबीज आणि डिस्टेंपर हे जीवघेणे रोग लांडग्यांत पसरतात. पुण्याजवळ लांडगा-कुत्र्याच्या संकराची जनुकीय तपासणीत खात्रीही झाली आहे. शेडमागे खोल खड्डा घेऊन, चुना टाकून मेलेल्या कोंबड्या पुरणं हे अवघड काम नाही, आणि शेडला परवाना देतानाच तो खड्डा तपासला पाहिजे.