गोधडी

गोधडी : वापरून मऊ झालेल्या सुती कापडांचे थर एकावर एक अंथरून, ते धावदोऱ्याने सलग शिवून तयार केलेले अंथरूण किंवा पांघरूण. रजई व दुलई यांत पिंजलेला कापूस भरतात. गोधडीत तसे भरण नसते, कापडाच्या थरांत अडकलेली हवाच ऊब धरते. पश्चिम महाराष्ट्रात व मराठवाड्यात ‘वाकळ’ हा शब्दही चालतो. बोलण्यात वाकळ म्हटले की जाडजूड व ठिगळांची, गोधडी म्हटले की जरा नीटस, असा भेद काही जण करतात. तो सर्वत्र पाळला जात नाही. तान्ह्या मुलासाठीचे दोन-तीन पदरी ते दुपटे. गोधडी एकटीनेही शिवता येते, परंतु मोठी गोधडी चार-सहा जणींनी भोवती बसून शिवण्याची रीत जुनी आहे. गोधडीच्या रचनेतील पुष्कळ गोष्टींचा उलगडा या बैठकीतूनच होतो.

प्राचीनता : थरांचे व तुकड्यांचे शिवलेले वस्त्र भारतात किती जुने, हे नेमके ठरवणे अवघड आहे. गोधडी झिजेपर्यंत वापरली जाते आणि झिजली की दुसऱ्या गोधडीच्या पोटात जाते. त्यामुळे पाहायला मिळणारे बहुतेक नमुने विसाव्या शतकातले असतात. त्याआधीच्या काळासाठी वाङ्मयीन उल्लेखांवरच भिस्त ठेवावी लागते. संस्कृत ‘कन्था’ हा शब्द पाणिनीच्या अष्टाध्यायीत येतो (२.४.२०, ४.२.१०२-१०३) म्हणून वाकळीची परंपरा पाणिनीपर्यंत नेण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्या सूत्रांचा रोख स्थलनामांवर आहे, विशेषतः प्राचीन उशीनर देशातील गावांच्या नावांवर; पाणिनीचे अभ्यासक वासुदेवशरण अग्रवाल यांनी या ‘कन्थे’चा संबंध समरकंद, ताश्कंद यांतील नगरवाचक पदाशी जोडला आहे आणि तो अधिक पटण्याजोगा आहे. वस्त्र या अर्थाचा निःसंदिग्ध उल्लेख भर्तृहरीच्या वैराग्यशतकात आहे : तेथील विरक्ताची कन्था शंभर जीर्ण तुकड्यांची आहे. शंकराचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या स्तोत्रात रस्त्यावरच्या चिंध्यांची कन्था येते. या दोन्ही उल्लेखांवरून तुकडे जोडल्याचे कळते, थर किती होते व टाका कोणता होता हे कळत नाही.

थरांची स्पष्ट नोंद मिळते ती बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांत. महावग्गाच्या चीवरखंधकात भिक्षूंना टाकून दिलेल्या चिंध्यांचे (पांसुकूल) चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, वापरण्याची मुभा आहे. मगधातील भातखाचरांच्या बांधांसारखी चीवराची आखणी आनंदाने केली, अशी कथाही तेथेच आहे. नव्या कापडाची संघाटी (वरून पांघरायचे वस्त्र) दुहेरी, तर जुन्या कापडाची चौपदरी करावी, हा नियम गोधडीच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचा वाटेल. जुने कापड विरळ होते, म्हणून थर वाढवायचे, हा हिशेब आजच्या गोधडीतही तोच आहे. वर्षावासानंतर (पावसाळ्यातील एका जागच्या मुक्कामानंतर) मिळालेल्या कापडाचे कठिन-चीवर भिक्षूंनी मिळून त्याच दिवशी शिवून पुरे करायचे असते, आणि ‘कठिन’ हे नाव शिवताना कापड ताणून धरण्याच्या चौकटीवरून पडले असे मानतात. म्हणजे समूहाने शिवण्याची रीतही जुनी दिसते. मात्र त्यावरून महाराष्ट्रातील गोधडीची थेट परंपरा काढता येत नाही. इकडे चौकट मुळीच वापरत नाहीत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) गोधडी व वाकळ हे दोन्ही शब्द आहेत, तेव्हा एकोणिसाव्या शतकात ही वस्तू व तिची नावे रूढ होती एवढे निश्चित. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) ठिगळांच्या वेषामुळे काही भागांत ‘गोधडेबुवा’ म्हणून ओळखले जात.

सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमधील सातगाव येथून पोर्तुगीज व्यापाऱ्यांसाठी टसर रेशमाने भरतकाम केलेल्या ‘कोल्शा’ (पांघरुणे) जात. त्यांचा उल्लेख गोधडीच्या संदर्भात वारंवार होतो. पण ते नव्या कापडावरचे, निर्यातीसाठीचे भरतकाम होय. जुन्या कापडाच्या गोधडीशी त्याचे नाते जोडण्यास आधार दिसत नाही.

कापड : सर्वांत चांगले कापड म्हणजे धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडे किंवा धोतर. नऊवारी लुगडे सुमारे ३२४ इंच लांब व ४५ ते ४८ इंच पन्ह्याचे असते. त्याचे चार सारखे भाग केले की प्रत्येकी ८१ इंच, म्हणजे पावणेसात फूट येतात. एका लुगड्यात एका माणसाची चौपदरी गोधडी बसते ती अशी. पाचवारी साडीचे तीनच भाग होतात, तेव्हा चौथा थर धोतराचा घालतात. पांघरायला तीन-चार, अंथरायला पाच ते सात पदर पुरतात. त्याहून अधिक थर घेतल्यास सुई ओढताना बोटे सोलतात आणि धुतलेली गोधडी आतून वाळत नाही.

लुगडी घेताना काठाकडे लक्ष द्यावे लागते. काठाची वीण घट्ट असते; तीन-चार काठ एकाच ठिकाणी एकमेकांवर आले तर सुई वाकते किंवा मोडते. म्हणून एका थराचा काठ डावीकडे, पुढच्याचा उजवीकडे असे आलटून पालटून ठेवतात. जरीचे काठ उसवून काढतात, कारण जरीची तार टोचते. विरलेला भाग (लुगड्यात तो बहुधा बसण्याच्या जागी असतो) मधल्या थरात जातो, पक्का भाग वर व खाली.

नवे कापड लावायचेच असेल तर आधी रात्रभर भिजवून, खळ पूर्ण काढून वाळवावे. खळीच्या कापडातून सुई सहज जात नाही आणि त्याला कसर लवकर लागते. त्याहून मोठा दोष पुढे उघड होतो : न आटलेले नवे कापड पहिल्या धुण्यात आखडते, जुने आखडत नाही, आणि सगळ्या गोधडीवर चुण्या येतात. सिंथेटिक साडीचे वागणे याच्या उलट. ती आटत नाही, थरांत घसरते, घाम शोषत नाही. सुती व सिंथेटिक थर मिसळलेली गोधडी कधीच सपाट बसत नाही. घराघरांतून सुती लुगडी कमी होत गेल्यावर गोधडीचा दर्जा उतरला, तो कसबापेक्षा या कापडामुळे. लाल, काळ्या व गर्द निळ्या कापडाचा रंग सुटतो का हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. मिठाच्या पाण्यात बुडवले की रंग पक्का होतो, हा समज दृढ असला तरी भरवशाचा नाही. रंग जाईपर्यंत धुणे हाच उपाय.

दोरा सुतीच असावा. पॉलिस्टरचा दोरा मजबूत म्हणून वापरतात आणि वर्षा-दोन वर्षांत तो जुन्या कापडाला टाक्याटाक्यावर कापत जातो. दोरा तुटला तर पुन्हा शिवता येते, कापड तुटले तर ठिगळ लावावे लागते; म्हणून दोरा कापडापेक्षा किंचित दुबळाच बरा. सुई दोन ते अडीच इंच, लांब नाक्याची. दाभण पोत्यांसाठी ठीक आहे, गोधडीत त्याने भोके पडतात. सहा पदरांपुढे अंगुस्तान (बोटात घालायची टोपी) लागतेच.

मांडणी : सारवलेली किंवा फरशीची सपाट जमीन, त्यावर तळाचा थर उलटा. चारही कोपरे चौघींनी एकाच वेळी ओढायचे, मग दुसरा थर. प्रत्येक थर टाकल्यावर मधून कडेकडे तळहाताने हवा काढतात. सर्वांत वरच्या थराच्या कडा दोन बोटे आत दुमडून खालच्या कडेशी जुळवतात. नंतर कच्चे टाके : मधोमध एक उभी व एक आडवी ओळ, मग वीत-वीत अंतरावर जाळे. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि मध्यावर पडणारा झोळ बहुतेक वेळा तिच्यामुळेच असतो.

शिवण : गोधडीची शिवण कडेपासून सुरू होऊन चौकटीत चौकट घेत मध्याकडे जाते. चौकटीवर ताणून शिवण्याच्या अमेरिकी वा युरोपीय पद्धतीत साधारणपणे मध्यापासून कडेकडे जातात, म्हणजे राहिलेला सैलपणा बाहेर निघून जातो. इकडे क्रम नेमका उलटा. सैलपणाला बाहेर जायला वाट नसते. तरीही हाच क्रम का, याची कारणे व्यवहारात आहेत. ताण देणारी चौकट नसल्याने कड आधी पक्की केली की गोधडी उचलता, फिरवता, गुंडाळून ठेवता येते. भोवती बसलेल्या प्रत्येकीला कड समोरच मिळते, आणि पाऊणेक हातभर आत गेल्यावर शिवलेला भाग मांडीवर घेऊन पुढे सरकता येते. ताण धरण्याचे काम जमीन आणि गुडघे करतात : डाव्या हाताने कापड पुढे ओढायचे, शिवलेला भाग गुडघ्याखाली दाबायचा.

ओळींतील अंतर एक बोट, म्हणजे दीड ते दोन सेंटिमीटर. टाका सहा-सात मिलिमीटर. चार पदरांपर्यंत सुईवर चार-पाच टाके भरून एकदम ओढता येतात. त्यापुढे एकेक टाका खाली-वर घ्यावा लागतो, नाहीतर मागच्या बाजूचे टाके निसटतात व मधले थर मोकळे राहतात. सुमारे चार बाय पावणेसात फुटांच्या गोधडीत दीड सेंटिमीटर अंतराने ओळी घातल्या तर शिवणीची लांबी १६० मीटरांच्या आसपास भरते. थरांतून जाण्याची वाढ धरून एकेरी दोरा १८० ते २०० मीटर लागतो. एका वेळी दीड हाताहून लांब दोरा ओवू नये, गुंता होतो व घासून शेवटचा भाग पिंजतो. गाठ थरांच्या आत ओढून घ्यायची; दुपट्यात तर गाठच न मारता दोन उलटे टाके घेतात.

बैठक : हे काम सुगी उरकल्यावर, पावसाळ्यापूर्वी, दुपारच्या उजेडात चालते. लांब बाजूंना दोघी-दोघी, आखूड बाजूंना एकेक अशा सहा जणी बसू शकतात. उजव्या हाताने शिवणारी उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून वरून पाहता शिवण घड्याळाच्या दिशेने फिरते. चौघी असल्या तर एक बाजू झाली की गोधडी उलट दिशेने पाव फेरा फिरवतात आणि प्रत्येकीची सुई पुन्हा तिच्या उजव्या हाताशी येते. डावखुरीला या रांगेत बसवले तर दोन दोरे समोरासमोर येऊन मध्ये कापडाची घडी उभी राहते. तिला कच्चे टाके किंवा मगजी (कडेला लावायची पट्टी) द्यावी.

हाताहातांतला फरक ही गटाची खरी अडचण. एकीचा हात आवळ, दुसरीचा सैल असला की आवळ बाजू आखडते व गोधडी तिरकी होते. दर चार-पाच फेऱ्यांनंतर दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. फरक दोन बोटांहून जास्त निघाला तर जागा बदलायच्या. नव्या शिकणारीला कड देत नाहीत. तिला तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून घेतात, कारण पहिल्या दोन ओळींवर सगळ्या ओळी समांतर राहतात. मध्याजवळ जागा उरत नाही तेव्हा दोघीच बसतात. तेथे झोळ जमला असेल तर तो टाके दाबून जिरवू नये. वरच्या थराला बारीक चिमटा घेऊन त्यावर ठिगळ लावणे चांगले. पुष्कळ गोधड्यांच्या मधोमध दिसणारे चौकोनी ठिगळ सजावटीचे मानले जाते, ते काही वेळा असे झाकण असते.

कवंदी व मूळ शिवणीचा वाद : उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागांतील सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून, पुष्कळसे पोर्तुगीजांच्या गोव्यामार्गे आले. कवंदीतही शिवण कोपऱ्यातून निघून कडेकडेने मध्याकडे जाते, पण वरचे तुकडे आधी अंथरलेले नसतात; शिवत जाताना एकेक तुकडा दुमडून लावतात. त्यामुळे झोळ प्रत्येक तुकड्यात थोडाथोडा जिरतो, आणि तांत्रिकदृष्ट्या कवंदी गोधडीपेक्षा सोपी पडते. चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांची त्रिकोणी ‘फुले’ नसतील तर कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. हेन्री ड्र्यूअल या अमेरिकी अभ्यासकाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सिद्दी स्त्रियांची गोधडी सहकारी संस्था स्थापन झाली. तेव्हापासून या कामाची माहिती भारताबाहेर पोचली. रंगांची ठळक मांडणी आफ्रिकी वारशाची खूण आहे, असे मत त्यानंतर वरचेवर मांडले गेले. रंगसंगतीबाबत ते विचारात घेण्याजोगे आहे. परंतु कडेकडून मध्याकडे जाणारी शिवण केवळ सिद्दींची नाही. महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकात अनेक जातीजमातींत ती आढळते. तंत्र स्थानिक व मांडणी सिद्दींची, हा मधला पक्ष उपलब्ध नमुन्यांशी अधिक जुळतो.

कोकणातील व विदर्भातील गोधडीच्या प्रकारांची नोंद त्रोटक आहे.

निगा : गोधडी पिळू नये, पिळल्याने टाके ताणले जाऊन तुटतात. दोन काठ्यांवर किंवा दोऱ्यांवर पसरून दोन्ही बाजूंनी ऊन द्यावे. आतला थर ओलसर असताना घडी केल्यास बुरशीचे काळे ठिपके पडतात व ते जात नाहीत. शिलाई यंत्रावर शिवलेल्या गोधडीत यंत्राचे दाते खालचा थर पुढे ढकलतात, वरचा मागे राहतो. ओळी एकाच दिशेने घातल्या तर कडेला दोन-तीन बोटांचा फरक येतो. यंत्राचा टाका थरांना घट्ट बांधून टाकतो, त्यामुळे अशी गोधडी टिकते पण कडक राहते व थरांत हवा कमी उरते. कड आधी फाटते, म्हणून दर काही वर्षांनी मगजी बदलावी. मगजीची पट्टी उरेब (तिरकी) कापली तर कोपऱ्यांवर नीट वळते, सरळ कापली तर तेथे चुणी राहते.