सत्याग्रहाकडून सुरुंगाकडे : दक्षिण आफ्रिकेतल्या १९६१च्या निर्णयाची पार्श्वभूमी

दडपलेल्या समाजाने हत्यार उचलणं कधी समर्थनीय ठरतं का, या वादात दक्षिण आफ्रिकेचा दाखला हमखास येतो, आणि तो दोन्ही बाजू देतात. मंडेलांची सुटका, निवडणुका, सत्तांतर हा उत्तरार्ध सगळ्यांना पाठ आहे. गांधीजींची तिथली वर्षंही मराठी वाचकाला नव्याने सांगायला नकोत. मधला १९६१चा, मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसमधला (पुढे ‘काँग्रेस’ म्हणजे हीच) निर्णय मात्र बहुतेक वेळा ‘सगळे मार्ग बंद झाले म्हणून शस्त्र घेतलं’ एवढ्यावर उरकला जातो. हे खरं असलं तरी निर्णय नेमका काय झाला, ते त्यातून कळत नाही.

मार्ग बंद होत गेले ते टप्प्याटप्प्याने. १९४६ मध्ये डर्बनच्या भारतीयांनी जमीन-निर्बंधांच्या कायद्याविरुद्ध सत्याग्रह केला, त्यात सुमारे दोन हजार जण तुरुंगात गेले. १९५२च्या कायदेभंगात ही संख्या आठ हजारांवर गेली. सरकारने पुढच्याच वर्षी कायदा करून निषेधासाठी नियम मोडणाऱ्याला फटक्यांची शिक्षा ठेवली. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलला पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसं मेली, त्यातल्या अनेकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. एप्रिलमध्ये काँग्रेसवर बंदी आली. ज्या संघटनेला सभा घेता येत नाही, तिने शांततेने काय करायचं, हा प्रश्न इथून पुढे तात्त्विक उरला नाही.

यातला एक योगायोग सहसा सांगितला जात नाही. डिसेंबर १९५६ मध्ये पकडलेल्या चळवळीतल्या १५६ जणांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. हिंसेने राज्य उलथवण्याचा कट, असा आरोप होता. चार वर्षं बचाव पक्षाने एकच गोष्ट लावून धरली, की आमचं धोरण अहिंसेचं आहे. २९ मार्च १९६१ला न्यायालयाने ते मान्य केलं आणि उरलेले आरोपी निर्दोष सुटले. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांत त्याच चळवळीच्या बैठकीत शस्त्राचा प्रस्ताव आला.

ही बैठक झाली डर्बन भागात, रात्री, लपूनछपून. प्रस्ताव मंडेलांचा होता. काँग्रेसच्या कार्यकारिणीत तो आदल्या रात्रीच संमत झाला होता. तरीही तिथल्या भारतीयांच्या आणि इतर मित्रसंघटनांसोबतच्या या संयुक्त बैठकीत काँग्रेसचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुलींनी सहकाऱ्यांना सांगितलं, की विषय फार गंभीर आहे, आपण तो पुन्हा पहिल्यापासून पाहू या. एवढा मोकळेपणा सहसा कुठला पक्ष दाखवत नाही. रात्रभर वाद झाला. सर्वांत जोराचा विरोध भारतीय प्रतिनिधींचा होता. अहिंसेने आपल्याला दगा दिलेला नाही, आपणच अहिंसेला कमी पडलो, असं त्यांच्यापैकी एकाने बजावलं. मंडेलांचं उत्तर उलट होतं. अहिंसाच आपल्याला कमी पडली, सरकारचा अत्याचार तिने थांबवला नाही आणि जुलूम करणाऱ्यांचं मनही बदललं नाही. त्यांचा दुसरा मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो. लोक आधीच हिंसेकडे वळू लागले आहेत, आपण पुढे झालो नाही तर ती बेशिस्तीने होईल, आणि तेव्हा माणसं मारली जातील.

पहाटेच्या सुमाराला तडजोड निघाली. काँग्रेस अहिंसकच राहील, मात्र मंडेला स्वतंत्र सशस्त्र दल उभं करू शकतील आणि त्यासाठी त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. दल काँग्रेसशी जोडलेलं, पण तिच्या थेट ताब्यात नाही. अध्यक्ष लुथुली मनाने या निर्णयात होते की नव्हते, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. मला शांततावादी समजणाऱ्याने माझ्या कोंबड्या पळवून बघाव्यात, असं ते म्हणाल्याचं सांगतात. माझ्या मते वादाची खरी गाठ हिंसा-अहिंसेपेक्षा या तडजोडीत आहे. निर्णय झाला, पण तो कुणाचा, हे मुद्दाम मोघम ठेवलं गेलं.

१० डिसेंबर १९६१ला लुथुलींनी ऑस्लोमध्ये शांततेचं नोबेल स्वीकारलं. १६ डिसेंबरला दलाच्या स्फोटांची जाहीर सुरुवात झाली. १८३८ मध्ये याच दिवशी बोअरांनी (डच वंशाच्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी) झुलूंचा पराभव केला होता, म्हणून तो मुद्दाम निवडलेला. (त्याच आठवड्यात, १८ डिसेंबरला, भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. सत्याग्रहाच्या देशालाही त्या दिवसांत सत्याग्रह पुरला नव्हता.)

घातपात, गनिमी युद्ध, दहशतवाद आणि उघड क्रांती या चार पर्यायांतून दलाने घातपात निवडला. विजेचे मनोरे आणि सरकारी कचेऱ्या उडवायच्या, माणूस मारायचा नाही. उद्या याच गोऱ्यांसोबत राहायचं आहे, हा हिशेब त्यामागे होता. जुलै १९६३ मध्ये जोहान्सबर्गजवळ रिव्होनियाला पडलेल्या छाप्यात नेतृत्व पकडलं गेलं आणि पुढच्या जूनमध्ये आठ जणांना जन्मठेप झाली.

ती मर्यादा पुढे सुटत गेली. १९८० मध्ये काँग्रेसने जीनिव्हा करार पाळण्याची लेखी हमी दिली होती. तरी मे १९८३ मध्ये प्रिटोरियात हवाई दलाच्या मुख्यालयाबाहेर, कचेऱ्या सुटायच्या वेळी मोटारीत बॉम्ब फुटला. बॉम्ब आणणाऱ्या दोघांसह १९ मेले, दोनशेहून अधिक जखमी झाले. लक्ष्य लष्करी होतं, रस्त्यावर मात्र सामान्य माणसं होती. १९८५ नंतर सीमेवरच्या शेतवाटांवर सुरुंग पेरले गेले. गोरे शेतकरी लष्करी यंत्रणेचा भाग आहेत, असं त्याचं समर्थन होतं. प्रत्यक्षात त्यात काळे शेतमजूरही मेले आणि मोहीम सोडून द्यावी लागली. सरकारी यंत्रणेने केलेल्या हत्या आणि छळ यांच्याशी हे तोलायला गेलं तर सरकारचे अपराध उघडच जास्त भरतात. पण शेतवाटेवर मेलेल्या मजुराच्या घरच्यांना त्या तुलनेचा काय उपयोग?

वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आयोगाने ऑक्टोबर १९९८च्या अहवालात याच मुद्द्यावर बोट ठेवलं. वर्णभेद हा मानवतेविरुद्धचा गुन्हा होता आणि त्याविरुद्धचा लढा न्याय्य होता. पण न्याय्य लढ्यातही साधनं अन्याय्य असू शकतात, आणि नागरिकांचे मृत्यू व अंगोलातल्या तळांवर स्वतःच्याच कार्यकर्त्यांचा झालेला छळ हे गंभीर उल्लंघन ठरतं. सत्ताधारी झालेली काँग्रेस चिडली. प्रकाशन रोखण्यासाठी ती न्यायालयात गेली आणि हरली.

आयोगाच्या समितीकडे आलेल्या माफीच्या अर्जांत १९६१चा मोघमपणा पुन्हा वर आला. कायद्याची अट पश्चात्तापाची नव्हती. कृत्य राजकीय असावं आणि त्याची पूर्ण कबुली द्यावी, एवढीच होती. प्रिटोरियाच्या स्फोटामागच्यांनी कबुली दिली आणि त्यांना माफी मिळाली. काँग्रेसच्या ३७ नेत्यांनी मात्र सामूहिक जबाबदारी घेतली, विशिष्ट कृत्य एकही सांगितलं नाही. त्यांना १९९७ मध्ये मिळालेली माफी न्यायालयाने पुढच्या वर्षी रद्द केली. १९९९ मध्ये समितीने त्यांपैकी बहुतेकांचे अर्ज फेटाळले, कारण माफी द्यायची ती कशाबद्दल, हेच त्यात लिहिलेलं नव्हतं.