"फझ लावला की बेस जातो": एका तक्रारीची पार्श्वभूमी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत बेस वाजवणारा कुणी पहिला फझ (आवाज मुद्दाम घोगरा, फाटका करणारं, पायाने चालू-बंद करायचं पेडल) घ्यायला निघाला की जॅमरूममधलं कुणीतरी त्याला हमखास सांगतं, "घे, पण फझ लावला की बेस जातो." सांगणारा खोटं बोलत नसतो. फक्त कोणता बेस जातो, ते तो सांगत नाही. आपल्या बोलण्यात बेस म्हणजे ते चार तारांचं वाद्य. आणि साउंडवाल्याला आपण "थोडा बेस वाढव" म्हणतो, तेव्हा बेस म्हणजे छातीत घुमणारा खालचा नाद. हे दोन बेस दोन वेगळ्या कारणांनी जातात. एकाला वाचवणारं पेडल दुसऱ्याचा बळी घेऊ शकतं. पहिल्या पेडलची निवड बहुतेक वेळा इथेच फसते, आणि हा गुंता साठ वर्षं जुना आहे.

गंमत म्हणजे फझचा जन्मच मुळी बेसवर झाला. नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत एका कंट्री गाण्याचं रेकॉर्डिंग चालू होतं. सहा तारांचा बेस ज्या चॅनेलमधून जात होता, त्यातला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि मधल्या तुकड्यात वाद्य घोगरं, फाटकं वाजलं. तुकडा तसाच ठेवला गेला. १९६१ मध्ये गाणं गाजलं आणि इतरांनाही तोच आवाज हवासा झाला. पुढे ते चॅनेल साफ बंद पडलं, तेव्हा तिथल्या रेकॉर्डिंग इंजिनिअरने तोच बिघाड ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम घडवणारं सर्किट बांधलं. १९६२ मध्ये ते 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आलं. आत तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि दीड व्होल्टचे दोन सेल.

विकणाऱ्यांना मात्र त्यात बेस दिसलाच नाही, गिटारसुद्धा फारशी दिसली नाही. जाहिरातीचा सूर असा, की ही पेटी जोडा आणि तुमच्या तारांतून ब्रास वाजवा, फुंकवाद्यं वाजवा. त्यामुळे आवाज बारीक, नाकातला, कडेला करकरणारा ठेवला गेला. त्याच कंपनीने १९६२ ते १९६५ या काळात फझ आतच बसवलेला एक बेसही विकून पाहिला, पण तो फार कुणी घेतला नाही. दुकानांत पडून राहिलेल्या पेट्यांना १९६५ मध्ये अचानक गिऱ्हाईक आलं, कारण एका इंग्लिश बँडच्या तुफान गाजलेल्या गाण्याची सुरुवातच त्या आवाजाने होत होती. तिथून फझ गिटारवाल्यांचा झाला तो झालाच.

त्याच वर्षी लिव्हरपूलच्या चौघांनी, म्हणजे बीटल्सनी, एका गाण्यात बेस दोनदा वाजवला, एकदा साधा आणि एकदा फझमधून. दोन्ही ट्रॅक एकत्र ठेवले. आज ज्याला 'क्लीन ब्लेंड' म्हणतात त्याचं मूळ मला यातच दिसतं. त्याकडे नंतर येतो.

लंडनमध्ये १९६५ मध्ये टोन बेंडर आणि १९६६ मध्ये फझ फेस ही फझ पेडलं आली. यांच्या दंतकथांनी इंटरनेट भरलं आहे, म्हणून इथे दोनच गोष्टी सांगतो. पहिली, जर्मेनियम ट्रान्झिस्टर उष्णतेला फार हळवा असतो. त्यातली गळती तापमानाबरोबर भराभर वाढते आणि बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरची कामाची ठरलेली विद्युत पातळी, सरकतो. ठाण्यातल्या मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखालच्या गाळ्यात जर्मेनियम पेडल दुपारी एक बोलतं आणि रात्री दुसरंच. एसी१२८ सारखे हे ट्रान्झिस्टर आपल्याकडच्या जुन्या रेडिओंतही असत, त्यामुळे मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात हिंडलेल्या पिढीला ते अनोळखी नाहीत. दुसरी, यांतली बरीच जुन्या धाटणीची सर्किटं पॉझिटिव्ह ग्राउंडची असतात, म्हणजे त्यांत बॅटरीचं धन टोक ग्राउंडला जोडलेलं असतं. इतर पेडलांच्या ॲडॅप्टरच्या माळेत ती ओवायची नसतात.

आता मूळ तक्रारीकडे. फझ आवाजाची लाट वरून-खालून कापतो. सर्वसाधारण समज असा, की लाट कापली की खालचा नाद मरतो. तसं होत नाही. लाटेचा माथा आणि तळ सपाट कापून तिची चौकोनी लाट केली, तरी मूळ स्वर तिच्यात शाबूत असतो. उलट तेवढ्याच उंचीच्या चौकोनी लाटेत मूळ स्वराचा वाटा साध्या लाटेच्या सुमारे १.२७ पट भरतो. बेसची जाड ई तार ४१ हर्ट्झवर वाजते. फझने तिच्यावर १२३, २०५, २८७ अशी माडी चढवली म्हणून खालचा ४१ कुठे जात नाही. तानपुऱ्याची जवारी खुलली की वरचे स्वर झळाळतात, पण खर्ज पळून जातो का? (याला अपवाद ऑक्टेव्ह फझचा. जपानी सुपर-फझच्या घराण्यात लाटेची खालची बाजू उलटवून वर घेतात, त्याने मूळ स्वर खरोखरच दबतो. पहिल्या खरेदीला बेसवाल्याने तिकडे जाऊ नये.)

मग खालचा नाद जातो कुठे? काही वेळा सर्किटातल्या कपॅसिटरमध्ये. दोन टप्प्यांच्या मध्ये छोटा कपॅसिटर बसवला की तो खालच्या स्वरांना चाळणी लावतो. सुरुवातीच्या त्या ब्रासची नक्कल करणाऱ्या पेट्यांचं हेच झालं. पण बऱ्याच वेळा तो आपल्याच हातून जातो. फझ चालू केला की आपण व्हॉल्यूम कानाने जुळवतो. कानाला मधले स्वर जास्त जोरात लागतात, फझने तेच वाढवलेले असतात, म्हणून आपण नॉब मागे घेतो. त्याबरोबर खालचा नादही मागे जातो. कापलेल्या लाटेत तारेवरचा पहिला ठोकाही बोथट होतो, आणि ड्रमरला बेस ऐकू येतो तो त्या ठोक्यामुळे.

वाद्य हरवण्याची कथा याच्या नेमकी उलटी आहे आणि ती बिग मफपासून सुरू होते. न्यूयॉर्कमध्ये १९६९ च्या सुमारास बनू लागलेल्या या पेडलात चार ट्रान्झिस्टर असतात, डायोडने कापणारे दोन टप्पे असतात आणि टोनचा एक नॉब. हा नॉब मधोमध ठेवला की मधल्या स्वरांत खड्डा पडतो. खालचा नाद भरपूर, वरची करकर भरपूर, मध्ये पोकळी. घरी एकट्याने वाजवताना स्वर्ग. बँडमध्ये मात्र त्या पोकळीत गिटार आणि गायकाचा आवाज आधीच येऊन बसलेले असतात, आणि बेसचं बोलणं नेमकं त्या पट्ट्यातच असतं.

बिग मफ बनवणारी कंपनी १९८० च्या दशकात बुडाली. नंतर तिच्या मालकाने रशियात बस्तान बसवलं आणि १९९० च्या दशकात तिथून मफ येऊ लागले: आधी करड्या-निळ्या रंगाचे, मग हिरवे, मग काळे. रणगाड्यासारखी पेटी, बेढब नॉब, पण किंमत कमी. सर्किट तेच असलं तरी भागांची मूल्यं वेगळी होती. त्यामुळे, विशेषतः हिरव्या मफमध्ये, गेन (लाट कापण्याआधी ती किती वाढवायची ते) थोडा कमी, खालचा नाद जाड आणि मधला खड्डा जरा उथळ झाला. हे पेडल बेससाठी केलंय असं कुणी म्हटलं नव्हतं. बेसवाल्यांनीच ते उचललं आणि गिटारवाल्यांकडून तीस वर्षांनी फझ परत मिळवला, असं मी म्हणतो. गिटारवाले मित्र यावर भांडतात.

२००३-०४ च्या सुमारास मित्राच्या नात्यातल्या कुणीतरी परदेशातून काळा मफ आणला, तेव्हा आम्ही वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात तासाच्या भाड्याने वाजवायचो. मी तो लावला, फरशी थरथरली, कोपऱ्यातली खुर्ची सरकली. गाणं संपल्यावर ड्रमरने विचारलं, "तू मधे थांबला होतास का?" नाद होता, वाद्य नव्हतं. टोनचा नॉब करकरीच्या बाजूला फिरवून आणि ॲम्पवर मधले स्वर वाढवून मी ऐकू येऊ लागलो, पण हे कळायला दोन महिने गेले.

ब्लेंडचा वाद इथून पेटतो. फझबरोबर साधा सूर मिसळायची सोय १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या बास ब्रासमास्टर या पेडलमध्येच होती. त्यात ब्रासला वेगळा नॉब आणि बेसला वेगळा. मग ही कल्पना बराच काळ बाजूला पडली. २००८ मध्ये बेससाठी वेगळा बिग मफ आला, त्याच्या खटक्याच्या तीन जागांपैकी एक 'ड्राय'ची, म्हणजे साधा सूर मिसळण्याची होती. त्यानंतर लाटच आली. आज ब्लेंड नॉब नसलेलं पेडल बेसवाल्याला दाखवलं तर तो चेहरा पाडतो.

मला ही सक्ती पटत नाही. ब्लेंडने हरवलेला खालचा नाद आणि ठोका परत येतो हे खरं, आणि गाण्यात पहिल्यांदाच फझ लावणाऱ्याला तो आधार मोठा असतो. पण बऱ्याचदा ऐकणाऱ्याला दोन वाद्यं ऐकू येतात, खाली सभ्य बेस आणि वर काचेच्या बाटलीत अडकलेली माशी. १९६५ मध्ये दोन ट्रॅक मुद्दाम वेगळे वाजवले होते, ती रचनाच होती. इथे तो योगायोग असतो. शिवाय सर्किटात लाट उलटवणारे टप्पे विषम असतील तर फझ उलट्या दिशेने बाहेर पडतो. साध्या सुरात मिसळला की दोघं एकमेकांना खातात, आणि नाद वाचवायला घेतलेला नॉब फिरवावा तसा नादच कमी होतो. चांगल्या पेडलात याची काळजी घेतलेली असते, स्वस्त नकलेत नेहमीच असते असं नाही. मधल्या स्वरांवर ताबा देणारा नॉब आणि ब्लेंड यांतलं एकच मिळणार असेल, तर पहिल्या पेडलात मी मधले स्वर घेईन.

२०१७ मध्ये हिरवा रशियन मफ छोट्या पेटीत पुन्हा निघाला, त्याच्या नकलाही पुष्कळ आहेत. हल्ली निवड होते ती मोबाईलवर व्हिडिओ बघून. मोबाईलच्या स्पीकरला ४१ हर्ट्झ वाजवताच येत नाही. त्यावर सगळ्याच फझचा बेस गेलेला असतो, आणि मधल्या स्वरांत ओरडणारं पेडल जिंकतं. ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवरचं सर्किट असलेला बेस असेल तर आणखी एक अडचण येते. फझ फेससारखी सर्किटं पॅसिव्ह पिकअपशी (तारांचा कंप टिपणाऱ्या, बॅटरी नसलेल्या भागाशी) थेट जोडण्यासाठी बेतलेली आहेत. गिटारवाले व्हॉल्यूम थोडा कमी करून आवाज साफ करतात, ती करामत बॅटरीवाल्या बेसवर चालत नाही.

तक्रारीचा शेवटचा धागा पेडलच्या पलीकडे सापडतो. आपल्याकडच्या अनेक जॅमरूममध्ये बेसचा ॲम्प नसतो, वायर सरळ मिक्सरच्या लाइनमध्ये जाते. फझ फेसच्या शेवटी असलेला कपॅसिटर गिटार ॲम्पच्या इनपुटसाठी योजलेला आहे. मिक्सरची लाइन त्याच्या तुलनेत फार कमी रोधाची, आणि तिथे तोच कपॅसिटर चाळणी होऊन खालचं सगळं गाळून टाकतो. वाशीला माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने याच कारणाने नवाकोरा फझ विकायला काढला होता. विकायच्या आधी एकदा मध्ये ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (पेडल आणि मिक्सर यांचा मेळ घालणारी पेटी) लावून बघ म्हटलं. बेस परत आला, पण तोवर त्याने गिऱ्हाइकाला शब्द दिला होता.