सायकेडेलिक-साहाय्यित मानसोपचार

सायलोसायबिन, एलएसडी, एमडीएमए यांसारखी जाणिवेची अवस्था काही तासांपुरती पालटणारी द्रव्ये देऊन, त्या अनुभवाच्या आधी व नंतर संवादोपचार करण्याची पद्धत. ‘सायकेडेलिक’ हा शब्द १९५०च्या दशकात हंफ्री ऑस्मंड या मनोविकारतज्ज्ञाने घडवला. ग्रीक मुळांनुसार त्याचा अर्थ ‘मन प्रकट करणारे’. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात ऑस्मंड एलएसडी वापरून मद्यासक्तीवर उपचार करीत असे. औषधाला माणसाची सोबत हवी, ही कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. मेक्सिकोतील माझातेक या आदिवासी समाजाचे वैदू रात्रभर मंत्रगान करीत, रुग्णाजवळ बसूनच सायलोसायबिन असलेली अळंबी देत आले आहेत.

येथे औषध रोज घ्यायचे नसते. आधी काही बैठकांत ओळख आणि विश्वास जमवतात. औषधाच्या दिवशी रुग्ण डोळ्यांवर पट्टी बांधून, संगीत ऐकत पडून राहतो. शेजारी बहुधा दोन उपचारक असतात आणि ते फार बोलत नाहीत. सायलोसायबिनचा अंमल साधारण सहा तास टिकतो. खरे बोलणे पुढच्या दिवसांत होते: जे दिसले, आठवले, त्याचे रोजच्या जगण्यात काय करायचे?

एमडीएमएच्या बाबतीत औषध आणि संवाद यांची ही जोडी विशेष स्पष्ट दिसते. भयंकर प्रसंगानंतर जडणाऱ्या आघातोत्तर ताणविकारात (पीटीएसडी) त्या आघाताची आठवण निघताच अनेक रुग्ण गप्प होतात किंवा उपचारच सोडून देतात. एमडीएमएने भीती ओसरते, समोरच्यावरचा विश्वास वाढतो आणि तीच गोष्ट सांगता येते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९० जणांच्या चाचणीत दोन्ही गटांना सारखाच संवादोपचार मिळाला. एमडीएमए घेतलेल्यांपैकी ६७ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेतलेल्यांपैकी ३२ टक्के जण अखेरीस आघातोत्तर ताणविकाराच्या निकषांत बसत नव्हते. नुसत्या संवादोपचाराचा हा दुसरा आकडाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. अर्थात आपल्याला कोणती गोळी मिळाली हे बहुतेकांना कळतेच, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणे अवघड जाते.

मन मोकळे होते तेव्हा ते सूचनांनाही बळी पडू शकते. काही चाचण्यांत उपचारकांनी मर्यादा ओलांडल्याचे प्रकार घडले. दोन उपचारक आणि चित्रीकरण यांचा आग्रह धरला जातो तो यासाठी. स्किझोफ्रेनिया असलेल्यांना किंवा तो कुटुंबात असलेल्यांना चाचण्यांत सहसा घेत नाहीत.

ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना एमडीएमए व सायलोसायबिन देण्याची मुभा दिली. अमेरिकेच्या औषध नियामकाने ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएचा अर्ज नाकारला. भारतात सायलोसायबिन, एलएसडी व एमडीएमए ही तिन्ही द्रव्ये १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात.