ड्रेनची नळी आणि नागपूरचा मे महिना

गॅस टर्बाइनच्या, म्हणजे जेट विमानात असतं त्या जातीच्या इंजिनच्या, प्रॅक्टिकलला मुलं पहिल्यांदा येतात तेव्हा सगळ्यांचे डोळे स्टार्टच्या बटणावर असतात. मी त्यांना आधी खाली वाकायला लावतो. इंजिनच्या पोटाला बोटभर जाडीची एक नळी आहे, तिच्याखाली पत्र्याचा ट्रे. एकदा स्टार्ट फसला की लगेच दुसऱ्यांदा बटण दाबायचं नाही. साचलेलं इंधन इथून निथळू द्यायचं, मग इंधन आणि इग्निशन बंद ठेवून नुसत्या स्टार्टरवर इंजिन फिरवायचं, म्हणजे आतली वाफ निघून जाते.

हा धडा गॅस टर्बाइनच्या अगदी पहिल्या दिवसांतला आहे. १२ एप्रिल १९३७ रोजी इंग्लंडमधल्या रग्बी इथे फ्रँक व्हिटल यांनी आपलं जेट इंजिन पहिल्यांदा चालवलं. विजेच्या मोटरने त्याला मिनिटाला २,००० फेऱ्यांपर्यंत नेलं आणि मुख्य इंधनाची झडप उघडली. इंजिन भोंग्यासारखं किंचाळत वेग घेऊ लागलं, ज्वलनकक्षाचा पत्रा जागोजागी लाल झाला. व्हिटल यांनी झडप झटकन बंद केली, तरी वेग वाढतच गेला. बाकीचे लोक पळाले. व्हिटल भीतीने जागीच खिळले. सुमारे ८,००० फेऱ्यांपर्यंत चढून मग ते उतरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शोध घेतला तेव्हा कळलं, की सुरू करण्यापूर्वी नळ्यांतली हवा काढताना इंधन गळून कक्षाच्या तळाशी डबकं झालं होतं. झडप बंद झाली तरी ते डबकं जळतच होतं. उपाय म्हणून तळाला निचऱ्याची नळी बसवली. चावी फिरवली की इंजिन बंद, ही गाडीवरची सवय इथे चालत नाही.

मुळात कल्पना फार जुनी. जॉन बार्बर यांचं पेटंट १७९१ चं आहे, पण स्वतःचा कॉम्प्रेसर (हवा दाबून आत ढकलणारा भाग) ओढून वर शक्ती शिल्लक ठेवणारं यंत्र नॉर्वेच्या एलिंग यांना १९०३ मध्ये जमलं, तेही ११ अश्वशक्तीचं. जळत्या वायूच्या जोरावर फिरणारं चाक, म्हणजे टर्बाइन, जे कमावते त्यातला अर्ध्याहून मोठा वाटा कॉम्प्रेसर खातो. म्हणून सुरुवातीला इंजिन स्वतःला पोसू शकत नाही. स्टार्टर लवकर सुटला तर फेरे वाढायचे थांबतात, हवा कमी पडते आणि एक्झॉस्टचं तापमान भराभर चढतं. काटा मर्यादेकडे निघाला की इंधन तोडायचं, वाट बघायची नाही.

फिरत्या चकतीच्या रेषेत बाजूला कुणी उभं राहायचं नाही, हा नियमही अपघातांतून पक्का झाला. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत एका डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनची पंख्याची चकती फुटली आणि तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. प्रयोगशाळेतलं इंजिन लहान, पण त्याचे फेरे मिनिटाला ऐंशी हजारांच्या घरात जाऊ शकतात.

आता आपल्या गावाचं. बरीचशी पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली, तिथे केरोसिन जातीचं इंधन पेट्रोलच्या मानाने निर्धोक समजलं जातं. जेट विमानाच्या अशा इंधनाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्यावरची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो, किमान ३८ अंश सेल्सिअस ठरवलेला आहे. मे अखेरच्या नवतप्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असतो. म्हणजे सावलीत ठेवलेल्या डब्यातल्या इंधनावरही पेट घेऊ शकेल इतकी वाफ जमू शकते. त्या दिवसांत सांडलेल्या चार थेंबांकडे मी पेट्रोलसारखंच बघतो. कूलरचं बटणसुद्धा मग तिथे नको, कारण बटणाच्या ठिणगीलाही तेवढं पुरतं. शिवाय १५ अंशांच्या मानाने ४५ अंशांची हवा सुमारे नऊ टक्के विरळ असते. तेवढी हवा इंजिनला कमी मिळते, आणि स्टार्ट जास्त तापतो.

नागपूरच्या मिहान प्रकल्पात बोइंगने बांधलेल्या विमान दुरुस्ती केंद्रात काम मिळावं, असं यातल्या पुष्कळ मुलांच्या मनात असतं, म्हणून मी हे पुन्हा पुन्हा सांगतो. मे महिन्यात आमचं प्रॅक्टिकल सकाळी सातला असतं. इंधनाचा डबा दाराबाहेर, उत्तरेच्या भिंतीला, ओल्या पोत्याखाली.