रक्तात न दिसणारा आजार

"सिकलसेल रक्तात दिसते, मंग याचं काहून नाही दिसत वं?"

मावशीनं हे विचारलं तेव्हा आम्ही जिल्हा रुग्णालयाच्या बाकावर बसलो होतो. तिच्या मांडीवर रिपोर्टांची पिशवी होती. हिमोग्लोबिन ठीक, साखर ठीक, थायरॉईड ठीक, डोक्याचा सिटीस्कॅनही ठीक. आणि तिचा पोरगा, माझा मावसभाऊ, सहा रात्री झोपला नव्हता. बैलजोडी त्यानं निम्म्या किमतीत विकून टाकली होती, आणि दिवाळीपर्यंत गावात जिनिंग उभारतो म्हणून भेटेल त्याला सांगत सुटला होता. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात हाच मुलगा तीन महिने खाटेवरून उठला नव्हता. तेव्हा त्याला सैलानीबाबाच्या दर्ग्याला नेऊन आणलं होतं. आजाराचं नाव बायपोलर: कधी उन्माद, कधी खोल उदासी.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मावशीच्या प्रश्नाचं नीट उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. आता थोडंफार देता येईल असं वाटतं.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार माहीत नाही असं गाव आमच्या विदर्भात सापडणं कठीण. रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात, नळी गढूळ झाली की पुढच्या तपासणीला पाठवतात. १९४९ साली अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या आजाराचं मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. पुढे कळलं की जनुकातलं अवघं एक अक्षर बदललेलं असतं. आजार रक्ताचा, आणि रक्त सुईनं काढता येतं. म्हणून त्याचा माग लागला.

त्याच १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातले मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियमचा क्षार देऊन पाहिला आणि ते शांत झाल्याची नोंद केली. बायपोलर आजारावर लिथियम आजही पहिल्या फळीतलं औषध आहे. पण ते कसं काम करतं, आणि काहींनाच का लागू पडतं, हे कोडं कितीतरी दशकं तसंच पडून राहिलं. कारण उघड आहे. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या पेशी अभ्यासासाठी काढून घेता येत नाहीत. मृत्यूनंतर मेंदू तपासता येतो, पण तोवर आजाराची आणि गोळ्यांची तीस-चाळीस वर्षं त्यावरून गेलेली असतात. पऱ्हाट्या उपटून झाल्यावर बोंडअळीनं पहिलं अंडं कुठं घातलं ते शोधायला निघावं, तशातली गत.

वाट उघडली ती जपानमध्ये. क्योटो विद्यापीठातले शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या त्वचेतल्या पेशींमध्ये चार जनुकं घालून त्यांना पुन्हा गर्भावस्थेतल्या पेशींसारखं करून दाखवलं. अशी मूलपेशी (स्टेम सेल) कोणतीही पेशी होऊ शकते: हृदयाची, यकृताची, मेंदूची. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं.

वर्गात मी हे संत्र्यावरून सांगते. वरूड-मोर्शीकडे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटव्याचा अंकुर, भरतात. डोळा नखाएवढा, पण ज्या झाडाचा डोळा त्याच झाडाचं फळ. अख्ख्या झाडाचा गुण त्या एवढ्याशा तुकड्यात असतो. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीतही आपली बहुतेक सगळी जनुकं तशीच असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घ्यायच्या, तीन-चार आठवडे खपून त्यांच्या मूलपेशी करायच्या, मग ठरावीक रसायनं ठरावीक क्रमानं देत काही आठवडे, कधी काही महिने, काचेच्या बशीत मेंदूतल्यासारख्या चेतापेशी वाढवायच्या. त्या पेशींना फांद्या फुटतात, त्या एकमेकींना जोडल्या जातात, विजेचे बारीक झटके देऊ लागतात. पेशी त्याच माणसाच्या, त्याच्याच जनुकांच्या. आणि त्याच्या डोक्याला हातही लावलेला नाही.

२०११ साली अमेरिकेतल्या साल्क संस्थेत, भास-भ्रम होणाऱ्या स्किझोफ्रेनिया या मनोविकाराच्या चार रुग्णांच्या त्वचेपासून अशा चेतापेशी तयार केल्या गेल्या. पेशींची आपसातली जोडणी मोजायला संशोधकांनी रेबीजचा विषाणू वापरला. पिसाळलेलं कुत्रं चावलं की आपल्याकडे घरादाराचा जीव टांगणीला लागतो. हा विषाणू एका चेतापेशीतून दुसरीत शिरतो म्हणूनच तो मेंदूपर्यंत पोचतो. त्यांनी त्याला असं बदललं की तो फक्त एकच उडी मारेल. मग ज्या शेजारणीत तो पोचला ती जोडलेली, असा हिशेब. रुग्णांच्या पेशींमध्ये जोडण्या कमी निघाल्या. पाच औषधं घालून पाहिली, त्यांतल्या लोक्सापिन या एकाच औषधानं त्या लक्षणीय वाढल्या.

माझं मन मात्र त्याच संस्थेच्या २०१५ च्या प्रयोगात जास्त गुंतलं. बायपोलरचे सहा रुग्ण. तिघांना लिथियम लागू पडलेलं, तिघांना नाही. सहाही जणांच्या चेतापेशी निरोगी माणसांच्या पेशींपेक्षा जास्त वेळा झटके देत होत्या. बशीत लिथियम घातल्यावर, ज्यांना ते लागू पडलं होतं त्यांच्याच पेशी शांत झाल्या. बाकी तिघांच्या पेशी तशाच अस्वस्थ राहिल्या. म्हणजे औषध लागू पडणं न पडणं यातलं काही तरी बशीतल्या पेशीतही उतरलं होतं. माझ्या मावसभावाला लिथियमवर यायच्या आधी दोन औषधं बदलावी लागली आणि सव्वा वर्ष गेलं. त्या सव्वा वर्षात त्याची नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. हा वेळ वाचवता आला तर काय होईल, ते त्या घरात राहिल्याशिवाय कळणार नाही.

पण सहा जण म्हणजे सहाच जण, हेही मला तेवढ्याच ठामपणे सांगायचं आहे. शिवाय मूलपेशी करताना पेशीचं वय पुसलं जातं. तिच्यापासून झालेली चेतापेशी गर्भातल्या बाळाच्या चेतापेशीसारखी कोवळी असते, आणि आजार दिसतो विशीत. सिकलसेलसारखं एक अक्षर इथे नाही. २०२२ साली छापलेल्या, सुमारे ७७ हजार रुग्णांच्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाशी जोडलेल्या जनुकसंचातल्या २८७ जागा सापडल्या, आणि एकेका जागेचा वाटा अगदी थोडा.

आणि संत्र्याच्या डोळ्यात झाडाचा गुण येतो, जमीन येत नाही. कोणत्या मातीत लावलं, पाणी किती मिळालं, कोळशीनं किती खाल्लं, हे त्यात नसतं. बशीतल्या पेशीला सावकार ठाऊक नाही, सलग दोन वर्षं बुडालेलं सोयाबीन ठाऊक नाही. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं खापर कुणी उद्या जनुकांवर फोडू लागलं, तर ते या विज्ञानात बसत नाही.

भारतातही हे काम चालू आहे. बंगळूरूच्या निम्हान्स (मानसिक आरोग्याची संस्था), एनसीबीएस आणि इनस्टेम (दोन्ही जीवशास्त्र संशोधनाच्या) या संस्थांनी मिळून अशी कुटुंबं निवडली, ज्यांत दोन किंवा जास्त जणांना गंभीर मनोविकार आहे. आजारी भाऊ आणि निरोगी भाऊ, दोघांच्याही रक्तापासून मूलपेशी. सख्ख्यांची बरीच जनुकं सारखी असतात, त्यामुळे उरलेल्या फरकावर नजर ठेवणं सोपं जातं. ही बातमी वाचली तेव्हा मला मावशीची पिशवी आठवली.

एक गोष्ट रागानं लिहिते. 'स्टेम सेल' हा शब्द ऐकून माझ्या ओळखीच्या एका घरानं स्वमग्न मुलासाठी दोन एकर वावर विकलं. एका शहरातल्या दवाखान्यानं त्यांना इंजेक्शनांचं पॅकेज विकलं होतं. मुलात काही फरक पडला नाही. वर सांगितलेला सगळा अभ्यास बशीतला आहे. त्यातली कोणतीही पेशी मनोविकाराचा उपचार म्हणून टोचायची नसते. आपल्याकडे मूलपेशींचा सर्वांत रुळलेला मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या काही आजारांसाठी केलं जाणारं, बोली भाषेत बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतात ते प्रत्यारोपण. सिकलसेलच्या काही रुग्णांना त्याचा उपयोग होतो. मनोविकारासाठी कुणी पैसे घेऊन मूलपेशी टोचत असेल, तर तिथून उठून यावं.

मागच्या महिन्यात हे सगळं मावशीला सांगितलं. सुपात तूर पाखडत तिनं ऐकून घेतलं, रेबीजच्या भागाला हात थांबवला. मग म्हणाली, "म्हंजे रक्तात होतंच, फक्त वाचता येत नव्हतं." मी म्हटलं, अजून एखाद-दोन अक्षरंच लागताहेत.

"बरं, उद्याचं सांग. रक्त किती वाजता द्याचं?"

लिथियमचं रक्तातलं प्रमाण शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी तपासतात. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त. तिनं पोराला हाक मारून सांगितलं, आणि सातच्या एसटीसाठी उठवायला मलाच फोन करायला लावला.