बेकारभत्त्यातली लबाडी आणि तिची शिक्षा
सोलापुरात बेकारभत्ता दोन वाटांनी आला: दुष्काळी कामाच्या खडीवरून आणि गिरणीच्या फाटकातून.

पहिली वाट जुनी. १९७२ च्या दुष्काळात पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणं अशी कामं निघाली, त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम मिळालं नाही, तर दिवसाला निदान १ रुपया भत्ता द्यायचा, असं त्यात होतं. या १ रुपयासाठी खोटं बोलायला कोण जाणार? खरी लबाडी चालायची मस्टरवर. नावापुढे डाव्या अंगठ्याचा निळा ठसा, पण तो माणूस कामावर कधी आलेलाच नसायचा. अशा प्रकरणात गुन्हा भारतीय दंड संहितेखाली नोंदवावा लागे. फसवणुकीचं कलम ४२०, सात वर्षांपर्यंत कैद. मस्टर लिहिणारा सरकारी नोकर असेल तर कलम ४०९, म्हणजे थेट जन्मठेपेपर्यंत. त्यामानाने २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यातला स्वतःचा दंड फक्त १००० रुपयांपर्यंत होता.

दुसरी वाट ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या राज्य विम्याची. १९४८ च्या कायद्यातल्या कलम ८४ नुसार खोटी माहिती देऊन लाभ उचलणाऱ्याला अलीकडे सहा महिन्यांपर्यंत कैद, २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकत. पण मूळ कायद्यात बेकारभत्ता नव्हताच. त्या काळी संशय यायचा तो आजारपणाच्या सर्टिफिकेटवर. बेकारभत्ता आला २००५ मध्ये, म्हणजे इथल्या बहुतेक गिरण्या थंड पडल्यावर! २०१८ मध्ये बेकारभत्त्याचीच अटल विमित व्यक्ती कल्याण योजना आली. २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, तिची रक्कम सरासरी रोजच्या पगाराच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के झाली, ९० दिवसांपर्यंत. अर्ज मालकाच्या हातून जायचा, तो कामगाराला थेट करता येऊ लागला. काम चालू असताना बेकार असल्याचं लिहून देणं, ही लबाडी त्यामुळे सोपी झाली हे खरं.

मात्र याच कायद्यात मालकासाठीही कलम होतं, त्याची चर्चा कमी होते. कामगाराच्या पगारातून वर्गणी कापून ती भरली नाही, तर कलम ८५ खाली एक ते तीन वर्षं कैद आणि १०,००० रुपये दंड. चादरीच्या यंत्रमागावर तर कित्येकांची नावं हजेरीपटावरच नसतात. त्यांची वर्गणी कापलीच जात नाही आणि भत्त्याचा अर्जही करता येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे.